कडेची माणसं

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज उघडली. पाऊस मात्र तीन आठवडे आधीच येऊन बसलाय. २६ मे रोजीच मोसमी पाऊस पुण्यात पोचला आणि इकडच्या खाचरांना उसंत मिळाली नाही. एरवी धूळवाफेवर भाताचं बी टाकायचं आणि मग आभाळाकडे बघायचं, अशी रीत. यंदा जमिनीला वाफसाच येईना, त्यामुळे कितीतरी घरांची रोपं मागे पडलीत. आज येताना काही वाफे पोपटी दिसले, काही नुसतेच पाण्याखाली.

विंझरजवळच्या आमच्या गावातून वेल्ह्याच्या शाळेपर्यंत सायकलनं पाऊण तास लागतो. कानंदी नदीच्या खोऱ्यातून रस्ता चढत जातो. चढ दमवणारा नाही, पण पायाला सतत जाणवत राहतो. तोंड पश्चिमेला, समोर तोरणा. ढग खाली नसले तर बुधला माचीपर्यंत सगळं दिसतं. या रस्त्याचं एक सुख आहे. सकाळी जाताना ऊन पाठीवर आणि संध्याकाळी येतानाही पाठीवरच. वारा मात्र पावसाळाभर पश्चिमेचा, म्हणून सकाळी तो छातीवर घ्यावा लागतो आणि संध्याकाळी तोच घरी ढकलत आणतो. माझ्या डोळ्यांवर ऊन येत नाही, तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर ते येत असतं, हे ध्यानात ठेवून मी डावी कड सोडत नाही.

स्टाफरूममध्ये आज एकच विषय होता. काल मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. रविवार, पाऊस आणि पर्यटकांची गर्दी. आमच्या वाटेवरच्या मोऱ्या आणि साकव मी संध्याकाळी येताना नीट बघत आले.

यंदाची ही वही रस्त्यासाठी. शाळेच्या नोंदींची वही वेगळी आहे. इथं फक्त घर ते शाळा आणि शाळा ते घर: डांबर, मुरूम, पाणी, आणि डांबराच्या कडेनं रोज जाणारी माणसं.

२१ जून, शनिवार

शनिवारची सकाळची शाळा. साडेसहाला निघाले तेव्हा धुकं इतकं खाली होतं की पुढची मैलाची खूण जवळ आल्यावरच दिसत होती. रेनकोटची टोपी मी घालत नाही. टोपीनं कान झाकले की मागची गाडी ऐकू येत नाही. पावसात सायकल चालवणाऱ्याचे अर्धे डोळे कानात असतात. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि वरून ओढणी, एवढं पुरतं.

ओल्या रिमवर ब्रेकची रबरं लगेच धरत नाहीत. चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात आणि पकड नंतर येते. म्हणून उताराच्या वरच्या टोकापासूनच ब्रेक हलके दाबत यायचं, म्हणजे रिम कोरडी राहते. नववीच्या मुलांना घर्षण शिकवताना हेच उदाहरण देते. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांना ते पहिल्या वाक्यातच पटतं.

दापोड्याच्या अलीकडे एक बाई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन कडेनं चालल्या होत्या. ओळखीच्या आहेत. म्हणाल्या, “बाई, एवढ्या पावसाचं सायकल कशापायी? येष्टी हाय की.”

एसटी आहे, आणि ती असावीच. तिच्याशिवाय हा तालुका चालत नाही. पण सायकल माझ्या हाती आली तीही एसटी थांबली तेव्हाच. २०२१ च्या दिवाळीत कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत गाड्या नीट धावल्या नाहीत. त्यांच्या मागण्या पोटातून आलेल्या होत्या, त्याबद्दल इथं कोणी त्यांना बोल लावला नाही. पण त्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या प्रत्येकाला कळलं की आपला दिवस गाडीच्या वेळेला बांधलेला आहे. दहावीचा जादा तास पाचनंतर घ्यायचा तर परतीचं काय? दवाखान्यात नंबर लांबला तर रात्री कुठं थांबायचं? मी सायकल घेतली आणि जादा तास सुरू राहिला. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या. मी सायकलवरच राहिले. संध्याकाळी मूल एखादं गणित पुन्हा विचारतं तेव्हा घड्याळाकडे न बघता सांगता येतं. मला सायकलनं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

२ जुलै, बुधवार

आज लासिरगावाच्या पुढे आठवी-नववीच्या मुलींचा घोळका गाठला. बहुतेकींच्या सायकली जिल्हा परिषदेच्या योजनेतल्या: पुढे टोपली, मागे कॅरिअरवर दप्तर, दप्तरावर युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ. एकीच्या मागं धाकटी बहीण बसलेली. मी आले की त्या एका ओळीत येतात. एरवी दोघी-दोघी गप्पा मारत जातात. मला बघून ओळ करतात याचं बरं वाटत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलींना शेजारी-शेजारी बोलत जाता येईल एवढी जागा रस्त्याला असायला हवी.

सायकल आणि मुलींचं शिक्षण यांचा संबंध आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना. आमच्याकडे प्राथमिक शाळा वाडीत असते, पण माध्यमिक शाळेसाठी मोठं गाव गाठावं लागतं. पाचवी-सातवीपर्यंत वाडीतच शिकलेल्या मुलीच्या शिक्षणाचा निकाल त्या मधल्या चार-सहा किलोमीटरवर लागतो.

एकीच्या आईनं मागे मला सांगितलं होतं, “सायकल दिली सरकारनं, पन रस्त्याला सोडायला जीव धजत न्हाई.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. सायकल दिली म्हणजे काम अर्धंच झालं. उरलेलं अर्धं रस्त्यानं करायचं असतं.

१२ जुलै, शनिवार

काल रात्री पॅरिसहून बातमी आली आणि आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी ती वाचून दाखवली. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावानं बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आमचा राजगड आहे. मुलांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईना.

मलाही भरून आलं. या मुलांचे आजे-पणजे गडाच्या घेऱ्यातले. तोरण्यापाठोपाठ मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि जवळपास पाव शतक स्वराज्याचा कारभार तिथून झाला. तालुक्याचं नावही आता सरकारदरबारी राजगड झालंय. बोलण्यात अजून वेल्हेच येतं. पद्मावती माची, सुवेळा माची, संजीवनी माची ही नावं इथल्या लहान मुलाला पाठ्यपुस्तकाआधी माहीत असतात.

दुपारी शाळा सुटल्यावर परत येताना उद्याच्या रविवारची गर्दी आजच सुरू झालेली दिसली. पुण्याहून इकडे यायला दोन वाटा. एक सातारा रस्त्यानं चेलाडी, नसरापूर करत. दुसरी सिंहगडाच्या पायथ्याकडून खानापूर, पाबे घाट करत. दोन्हींकडून येणाऱ्या गाड्या आमच्या रस्त्याला मिळतात. लोक येतात ते चांगलंच आहे. गडाखालच्या गावांत जेवणाचे डबे, झुणका-भाकरी, राहायची सोय यांवर कितीतरी घरं उभी राहिली. पाहुण्याला भाकरी घालायची या खोऱ्याची जुनी सवय आहे.

पण आज मार्गासनीकडून येणारी एक गाडी दुसरीला ओलांडताना माझ्या अंगाजवळून इतक्या वेगानं गेली की हँडल थरथरलं. मी मुरमावर उतरले आणि थांबले. तेव्हा मनात स्पष्ट झालं की यंदा काही मागायचं असेल तर ते हेच: रस्त्याची साइडपट्टी. गड जगाचा झाला, त्याचा आनंद आहे. गडाकडे जाणाऱ्या रस्त्याची कड मात्र इथं राहणाऱ्यांची असली पाहिजे. शाळेला जाणारी मुलं, शेतावर जाणाऱ्या बाया, दुधाचं कॅन लावलेली सायकल, गुरं, देवळाकडे निघालेली म्हातारी माणसं, हे सगळे कडेनंच जातात.

२४ जुलै, गुरुवार

आषाढी अमावास्या. घरी सकाळी दिवे घासले, पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले. सासूबाईंनी समई, निरांजन, कंदील मांडला. त्यांच्या शेजारी मी सायकलचा दिवा पुसून ठेवला. सासूबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं. “रोजची वाट दाखवतो, त्यो बी देवच,” म्हणाल्या.

माझ्या वडिलांच्या सायकलला डायनॅमो होता. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार. कारखाना १८६९ पासूनचा. आम्ही भोरला असायचो आणि ते पुण्यात शिवाजीनगरला भाड्याच्या खोलीत. शनिवारी रात्रीच्या गाडीनं घरी यायचे. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. पाळी सुटली की फाटकातून हजारो सायकली एकदम बाहेर पडायच्या, आणि त्या लोंढ्यात पाय टेकायलाही जागा नसायची, असं ते सांगत. सायकलला महापालिकेचा बिल्ला असायचा. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट या दोन्ही गुन्ह्यांना दंड होता. डायनॅमोचं चाक टायरला टेकवलं की पायडल जड व्हायचं, म्हणून काही जण पोलीस दिसला की तेवढ्यापुरता तो लावायचे. वडील अंधार पडला की लावायचेच. “आपल्याला दिसावं म्हणून दिवा नसतो, आपण दिसावं म्हणून असतो,” हे त्यांचं वाक्य मी आज मुलांना सांगितलं.

अकरा-बारा मुलामुलींच्या सायकलींना मागं लाल रिफ्लेक्टर नव्हता. तो फुटतो आणि परत बसवला जात नाही. शाळेच्या बचतीतून तेवढे आणायचं ठरलं.

परत येताना सगळ्या खाचरांत लावणी चाललेली. इर्जिकीला आलेली माणसं, बांधावर चुलीवर चहा. चिखलणी करणाऱ्या पॉवर टिलरच्या आवाजावर बायांचं गाणं वर येत होतं. इंद्रायणी भाताची रोपं हातात घेऊन वाकलेल्या त्या ओळीतून दोघी-तिघींनी हात हलवला. एका जागी रोपांचे मूठ बांधलेले भारे साइडपट्टीवर रचले होते. आणखी कुठं ठेवणार? खाचरात पाणी, बांध अरुंद. शेताचं अंगण म्हणजे ही कडच.

३० जुलै, बुधवार

पंक्चर. पावसाळ्यात बाभळीचा काटा ओला होऊन टायरमध्ये सहज शिरतो. शाळेजवळ एका मिस्त्रींचं दुकान आहे. पूर्वी सगळ्या सायकलीच होत्या, आता बहुतेक मोटरसायकली. पण पाठीमागच्या भिंतीला अजून जुन्या रिमा टांगलेल्या. त्यांचे हात बघत बसले.

टायर सुटा केला, ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडा आला तिथं काडीनं खूण. कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं, आणि मग तो भाग फुंकर न घालता तसाच ठेवला. “वलं चिकटवलं का सुटतंय. त्याला वाळू द्यावं,” मिस्त्री म्हणाले. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या मागच्या चाकाचा आऊट काढला. चाक फिरवायचं, बोटाचं नख रिमजवळ धरायचं, जिथं घासेल तिथला त्या बाजूचा आरा अर्धा फेरा सोडायचा आणि समोरच्या बाजूचा तेवढाच आवळायचा. दोन्ही बाजूंचे आरे सारखे ताणलेले असले तरच चाक सरळ धावतं. टायर चढवण्याआधी आतून बोट फिरवून काटा शोधला. काटा टायरमध्ये राहिला तर ठिगळ लावून उपयोग नाही.

हवा भरलेलं रबरी टायर १८८८ मध्ये जॉन डनलॉप या पशुवैद्यानं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवलं. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानं बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे ज्यांनी लोखंडी नांगर घडवला आणि किर्लोस्करवाडी वसवली, त्यांच्या उद्योगाची पहिली पायरी सायकल विकणं आणि लोकांना ती चालवायला शिकवणं ही होती. मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवून नीट ऐकलं.

त्यांच्याकडून एक माहिती मिळाली ती महत्त्वाची. सायकलींच्या दुरुस्त्यांत काट्यांपेक्षा जास्त कामं रिम वाकल्याची असतात. “कडंवरनं उतारत्यात पोरं. डांबर वर, मुरूम खाली. चाक आपटतंय.”

४ ऑगस्ट, सोमवार

मिस्त्रींचं बोलणं डोक्यात होतं. आज भूमितीच्या तासाला नववीला घेऊन शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेला गेले. टेप, पट्टी, वही. एकानं झेंडा धरून उभं राहायचं, दोघांनी मोजायचं, एकीनं लिहायचं. गाडी आली की सगळ्यांनी मागं.

ग्रामीण रस्त्यांच्या रुंदीची ठरलेली मापं असतात: एकपदरी ३.७५ मीटर, मधला ५.५ मीटर, दुपदरी ७ मीटर. डांबराच्या दोन्ही बाजूंना मुरमाची साइडपट्टी. मुलांना वाटत होतं की साइडपट्टी म्हणजे उरलेली जागा. उरलेली नव्हे. डांबराची कड तुटू नये म्हणून तिला आधार द्यायचा, पावसाचं पाणी गटाराकडे न्यायचं, बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायची, आणि चालणाऱ्याला व सायकलवाल्याला जागा द्यायची, एवढी कामं तिच्याकडे असतात.

मग पायरी मोजली. दरवेळी रस्त्यावर नवा थर पडतो, तेव्हा डांबर वर चढतं. कडेला तेवढाच मुरूम घालून दाबला तर काही बिघडत नाही. तो घातला नाही, किंवा घातलेला पहिल्या पावसात वाहून गेला, की डांबर आणि जमीन यांच्यात पायरी पडते. काही ठिकाणी चार बोटं, काही ठिकाणी वीत. मोठ्या गाडीला चुकवण्यासाठी सायकल त्या पायरीवरून खाली गेली तर चाक आपटतं. आणि परत वर येताना पुढचं चाक कडेला घासत जातं आणि सायकल डांबरावर आडवी पडते. पडणारा गाडीच्या वाटेवरच पडतो. दुसरा धोका म्हणजे वाढलेली झुडपं. श्रावणात टाकळा आणि घाणेरी अशी फोफावतात की वळणावर साइडपट्टी दिसतच नाही.

मुलांनी नकाशा काढला. पायरीची ठिकाणं लाल, झुडपांची हिरवी, पाणी साठतं ती निळी. एक मुलगा म्हणाला, “बाई, ह्ये रोज बघतो, पन मोजल्यावर दिसलं.”

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला आणि आमच्या गावच्या ग्रामसभेला गेले. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते. पावसामुळे देवळातच बसलो होतो. बायका यंदा बऱ्याच आल्या होत्या.

मी नकाशा उलगडला. मग २०११ च्या जनगणनेतली एक गोष्ट सांगितली. तेव्हा देशभर विचारलं गेलं की कामावर कशानं जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाहेर काम करणाऱ्यांत सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जातात असं निघालं, आणि पायी जाणारे त्याहून जास्त. म्हणजे या देशात कडेनं जाणारी माणसं थोडी नाहीत. ती मोजली मात्र उशिरा गेली.

एका तरुण सदस्यानं विचारलं, “बाई, सायकलीला वेगळी वाट परदेशात असती. आपल्याकडं कुठनं यायची?” प्रश्न रास्त होता. मी नेदरलँडची हकीकत सांगितली. आज सायकलीसाठी नावाजलेल्या त्या देशात १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळ उभी राहिली, आणि त्यातून पुढच्या वर्षांत वेगळ्या सायकलवाटा आल्या. तिथल्या वाटाही मागून मिळालेल्या आहेत. आपण वेगळी वाट मागत नाही, आहे ती साइडपट्टी चालण्याजोगी मागतो.

मागच्या ओळीतून एक आजी उठल्या. “मी धा वर्सं दूध घालाया चालत जाती. मला पायाखाली सपाट पायजे, बाकी काय नगं.” त्यानंतर कोणी काही बोललं नाही. ठराव एकमतानं झाला: साइडपट्टी भरून दाबावी, वळणांवरची झुडपं दर पावसाळ्यात दोनदा काढावीत, शाळेच्या अलीकडे-पलीकडे गतिरोधक आणि फलक लावावेत. प्रत वरच्या कार्यालयाकडे जाईल.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीआधी भोरला माहेरी. गाडीनं चेलाडी, कापूरहोळ आणि मग भोरच्या वाटेनं आत. वाटेत भाटघर धरण. वेळवंडीवरची ती दगडी भिंत जवळपास शंभर वर्षांची. साडेतेवीस टीएमसी पाणी अडवते आणि ते खाली नीरेच्या कालव्यांतून पार बारामती-इंदापूरकडे जातं. पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानंच उघडतात. मधल्या आठवड्यातल्या पावसानं जलाशय काठोकाठ आलाय.

भोरला मी सायकल शिकले ती राजवाड्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत. तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. मोठ्या माणसांची उंच सायकल, नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायचं. सीटवर बसून पाय पुरायला आणखी दोन वर्षं गेली. राजवाडा आता चित्रपटांमुळे सगळीकडे ओळखीचा झालाय. माझ्यासाठी ती जागा तोल सापडल्याची आहे.

भावानं वडिलांची सायकल जपून ठेवलीय. सळईचे ब्रेक, चेनचं पूर्ण कव्हर, जाड कॅरिअर. अजून ती रोज चालते: पहाटे भाऊ तिच्यावरून गावाबाहेरच्या मळ्यात जातो. त्याला ठरावाचं सांगितलं. तो म्हणाला, “आक्का, महाडकडच्या रस्त्याचंही असंच आहे. वरंध घाटाची वाहतूक वाढली, गावातल्या माणसांना कड राहिली नाही. तुझा नकाशा दे, इथल्या शाळेत दाखवतो.” नकाशाची प्रत दिली.

१४ सप्टेंबर, रविवार

सोनकी फुलली आहे. तोरण्याच्या अंगावर पिवळं, बांधावर तेरडा. आज श्रमदान. वरून मंजुरी यायला वेळ लागतो. तोवर शाळेजवळच्या सगळ्यात वाईट पट्ट्यात आपणच हात घालायचा, असं पालकांनी ठरवलं. दोघांनी ट्रॅक्टर दिले, मुरूम गावच्या खाणीतला. पुरुषांनी टोपली-फावडं, बायकांनी पसरायचं काम, मुलांनी झुडपं तोडायची. मुरूम ओला करून धुमसानं बसवला. नुसता टाकलेला मुरूम पहिल्या सरीला वाहतो. ओला करून, थराथरानं दाबला तरच टिकतो. पाणी जायला मध्ये-मध्ये तिरकस चर काढले.

गडावरून उतरलेली पुण्याची काही मुलं गाडी थांबवून आली. काय चाललंय विचारलं आणि तासभर घमेली वाहिली. जाताना त्यांतला एक म्हणाला, “आम्हाला कळलंच नव्हतं की इथून एवढी मुलं सायकलनं जातात.” त्यांच्या वाक्यानं एक नवं काम सुचलं: चेलाडीला आणि पाबे घाटाच्या तोंडाशी फलक हवा, ‘पुढे शाळेची मुले सायकलने जातात’. किल्ल्याच्या फलकाशेजारीच.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. घरोघरी हत्यारांची, अवजारांची पूजा. शाळेतही सायकली ओळीनं लावल्या, धुतल्या, हँडलला झेंडू आणि आंब्याची डहाळी. मुलींनी घंट्या घासून चकचकीत केल्या. मिस्त्री स्वतः येऊन सगळ्यांच्या चेनींना तेल देऊन गेले. पैसे घेतले नाहीत.

उद्या दसरा आणि ग्रामसभा एकाच दिवशी. ऑगस्टच्या ठरावावर काय झालं ते विचारायचं आहे. एक अधिकारी येऊन पाहणी करून गेले, नकाशा सोबत नेला, साइडपट्टीचं काम दिवाळीनंतरच्या यादीत घालतो म्हणाले. उद्या ते लेखी मागायचं. भाताची झोडणी सुरू झाली की लोक खळ्यावर अडकतात, तेव्हा आजच सगळं पक्कं केलं पाहिजे.

संध्याकाळी वर्गात बसून उद्याच्या अर्जाचे मुद्दे फळ्यावर लिहिले. एक: साइडपट्टीच्या कामाची तारीख. दोन: प्रत्येक नव्या डांबराच्या थरासोबत कडेचा मुरूम हे कामाच्या अंदाजपत्रकातच धरावं. तीन: दोन्ही तोंडांशी फलक. खाली सही करायला मुलं रांगेत आली. आठवीतली ती मुलगी, जिच्या आईचा जीव धजत नव्हता, खडू मागून फळ्याशी गेली आणि चौथा मुद्दा तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला: ओढ्याच्या वळणावर दोन सायकली शेजारी-शेजारी जातील एवढी साइडपट्टी करावी. तो अर्जात तसाच घेतला आहे.